विद्यापीठाच्या वेबसाइटवरचा मजकूर: लिहायचा कसा आणि नंतर सांभाळायचा कोणी?

खाडीकिनारा

प्रवेशाचा हंगाम तोंडावर आला की ठाणे-नवी मुंबईतल्या विद्यापीठांच्या आणि स्वायत्त महाविद्यालयांच्या वेबसाइट एकदम नटतात. नवा बॅनर, सरकती पट्टी, लुकलुकणारं लाल 'न्यू'. बारावी झालेली मुलगी शहापूरहून लोकलने येताना मोबाइलवर शोधत असते त्या मात्र तीनच गोष्टी: कागदपत्रं कुठली, फी किती, शेवटची तारीख कधी. मजकूर भरपूर असतो, पण फी माहितीपुस्तिकेत एक, अभ्यासक्रमाच्या पानावर दुसरी आणि नोटिशीच्या पीडीएफमध्ये तिसरी. मग ती फोन करते, फोन कोणी उचलत नाही आणि खिडकीपुढे रांग लागते.

डिझाइन, रंग, होस्टिंग इथे नको. फक्त मजकुराबद्दल बोलू. माझं म्हणणं असं की प्रत्येक पानाला एक मालक आणि एक तपासणीची तारीख नसेल, तर कितीही चांगलं लिहा, वर्षभरात त्याचा कचरा होतो.

सुरुवात साइटवरच्या सगळ्या पानांच्या यादीपासून करावी. स्क्रीमिंग फ्रॉग या सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती ५०० पत्त्यांपर्यंत साइट धुंडाळून देते. साइट त्याहून मोठी असेल तर विभागवार चालवा. निघालेली यादी एक्सेलमध्ये घेऊन पाच रकाने वाढवा: मालक विभाग, मजकूर बरोबर आहे असं सांगणाऱ्याचं पद (नाव नको, बदली होते), शेवटची तपासणी, पुढची तपासणी, निर्णय. निर्णयाच्या रकान्यात चारच शब्द चालतील: ठेवा, सुधारा, जोडा, काढा. तिथे 'बघू' घुसलं की काम बसलंच म्हणून समजा. ज्या पानाला मालक सापडत नाही ते सरळ काढायच्या यादीत टाका आणि ती यादी सगळ्या विभागांना पाठवा. मालक आपोआप उगवतात.

तपासणी सगळ्या पानांना सारखी नको. फी, प्रवेश, वसतिगृह ही पानं दर प्रवेश फेरीआधी. परीक्षा अर्ज दर सत्राला. प्राध्यापकांची माहिती वर्षातून एकदा. इतिहास आणि बोधचिन्ह तीन वर्षांनी पाहिलं तरी काही बिघडत नाही.

दुसरं, मेनू. तो बहुतेक ठिकाणी कार्यालयाच्या पाट्यांवरून बनतो: आस्थापना, लेखा, परीक्षा, विद्यार्थी विकास, आयक्यूएसी (अंतर्गत गुणवत्ता हमी कक्ष). विद्यार्थ्याला बोनाफाईड हवं असतं, ते कुठल्या खात्यात मिळतं हे त्याला ठाऊक असायचं कारण नाही. पानं कामावरून बांधा: 'बोनाफाईड दाखला काढा', 'परीक्षा अर्ज भरा', 'प्रवेश रद्द करून फी परत घ्या'. अशा प्रत्येक पानावर क्रम एकच: कोणासाठी, काय लागेल, पैसे किती, दिवस किती, कुठे जायचं, अडलं तर कोणाला विचारायचं. सहाव्या मुद्द्यात 'संबंधित विभागाशी संपर्क साधावा' असं लिहायचं असेल तर तो मुद्दा गाळलेलाच बरा.

बाकीच्यांचं ऐकायला आवडेल.

खिडकी_क्रमांक_३

मेनू ठीक आहे, पण पोरं वाचतात ती नोटीस. तीही वेबसाइटवर नाही, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर. म्हणून नोटिशीचं आधी बघा. नेहमीचा नमुना हा:

"सर्व संबंधित विद्यार्थ्यांना याद्वारे कळविण्यात येते की, उपरोक्त विषयान्वये सत्र ३ परीक्षेचे आवेदनपत्र विहित मुदतीत सादर न केलेल्या विद्यार्थ्यांनी सदर आवेदनपत्र विलंब शुल्कासह दि. १४/१०/२५ पर्यंत सादर करावयाचे असून तद्नंतर प्राप्त होणाऱ्या आवेदनपत्रांचा विचार केला जाणार नाही, याची नोंद घ्यावी."

यात कुठल्या शाखेची, विलंब शुल्क किती, ऑनलाइन की खिडकीवर, चौदा तारीख धरून की सोडून, एटीकेटीवाल्यांना लागू आहे का, यातलं काहीच नाही. खिडकीवर येणारे प्रश्न बरोबर हेच असतात. आता हे बघा (आकडे नमुन्यादाखल):

"बी.कॉम. सत्र ३ परीक्षा अर्ज: विलंब शुल्कासह शेवटचा दिवस मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५

तुम्ही अर्ज अजून भरला नसेल तर १४ ऑक्टोबरला रात्री ११:५९ पर्यंत विद्यार्थी लॉगिनमधून भरता येईल. परीक्षा शुल्काशिवाय ₹२०० विलंब शुल्क लागेल. एटीकेटीच्या विद्यार्थ्यांनाही हीच तारीख आहे. पैसे कापले गेले पण पावती आली नाही, तर पुन्हा भरू नका. व्यवहार क्रमांक घेऊन खिडकी ३ वर या, सकाळी ११ ते दुपारी ४. या तारखेनंतर अर्ज घेतला जाणार नाही."

वार लिहिला की तारखेतली चूक तिथल्या तिथे पकडली जाते. 'रात्री १२ पर्यंत' लिहू नये, तेरा-चौदाच्या मधली रात्र की चौदा-पंधराच्या मधली यावर भांडणं होतात. आणि 'पैसे कापले पण पावती नाही' ही ओळ शेवटच्या दिवशीचे निम्मे फोन वाचवते, ती प्रत्येक भरणा पानावर हवी.

माजिवडा_नाका

+१. वाचनखूण साठवली. फक्त ही दुसरी नोटीस आमच्याकडे 'नोटिशीची भाषा नाही' म्हणून परत येईल. सही-शिक्क्याचं काय करायचं?

खिडकी_क्रमांक_३

सही-शिक्क्याची प्रत राहू द्या, ती दप्तरासाठी आहे. पानावर आधी साधा मजकूर, खाली 'सही केलेलं परिपत्रक (पीडीएफ, १ पान)' असा दुवा. परिपत्रकाची भाषा बदला असं म्हटलं की वाद होतो. 'परिपत्रक तसंच ठेवतो, वर माहिती लिहितो' म्हटलं की मंजुरी मिळते.

अट एकच. साधा मजकूरही सही करणाऱ्यालाच दाखवायचा. नाहीतर पानावर १४ आणि परिपत्रकात १५ असं झालं की विद्यार्थी पंधराच धरणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

रफार

परिपत्रकाच्या पीडीएफबद्दल. मराठी परिपत्रकांची खरी गोची फॉन्टमध्ये आहे. अजूनही कित्येक कार्यालयांत कृतिदेव, श्रीलिपी किंवा डीव्हीबी सुरेखमध्ये टंकलेखन होतं. छापून आल्यावर सुरेख दिसतं, पण आत रोमन अक्षरांचे कोड असतात. त्याची पीडीएफ केली की शब्द शोधता येत नाही, कॉपी केलं तर भलतंच काही चिकटतं, गूगलला ते मराठी आहे हेच कळत नाही. त्यामुळे वेबसाइटवर येणारी प्रत्येक ओळ युनिकोडमध्येच टंकायची, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे कोड असलेल्या पद्धतीत. जुना मजकूर कन्व्हर्टरमधून काढलात तर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांनी तपासा, घोळ तिथेच होतो.

युनिकोडमध्येही एक खाच आहे. 'ॲडमिशन'चा पहिला 'ॲ' दोन तऱ्हांनी टंकता येतो: एकच अक्षर म्हणून, किंवा 'अ' आणि वर चंद्र असा जोडून. दिसायला सारखे, यंत्राच्या लेखी वेगळे. एकसंध 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली ५.१ आवृत्तीत आला, त्याआधी जोडूनच लिहावं लागे, म्हणून जुनी पानं तशीच आहेत. साइटच्या शोधखिडकीत एक तऱ्हा टाकली तर दुसऱ्या तऱ्हेची पानं येत नाहीत. 'ॲप', 'ॲन्टी-रॅगिंग', 'ॲकॅडमिक', सगळ्यांचं तेच. एकदा शोधा-बदला चालवून एकसंध 'ॲ' करून टाका.

आकड्यांचंही तसंच. '2025' शोधणाऱ्याला '२०२५' सापडेलच असं नाही. मराठी पानावर मराठी आकडे असा नियम असेल तर तो सगळीकडे पाळा आणि शोधाची सोय करणाऱ्याला दोन्ही जुळवायला सांगा. फोन नंबर दिसायला मराठी आकड्यांत चालेल, पण त्याच्या मागच्या टेल दुव्यात रोमन आकडेच हवेत, नाहीतर बोट लावल्यावर फोन लागायचा नाही.

अवांतर: देवनागरीला ओळींमधलं अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं. अक्षराच्या दीडपट तरी ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची मात्रा एकमेकांना भिडतात. फॉन्ट फुकट हवा तर मुक्त किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही चांगले.

सानपाडाकर

रफार, 'मुक्त' नाही, 'मुक्ता'. :) बाकी शंभर टक्के.

वर्डप्रेस (साइट चालवायचं सॉफ्टवेअर) वापरणाऱ्यांसाठी भूमिकांचं, म्हणजे कोणत्या लॉगिनला काय करता येतं त्याचं, लिहितो, कारण 'प्रत्येक विभागाला लॉगिन द्या' हा सल्ला सगळे देतात आणि पुढे घोळ होतो. 'कॉन्ट्रिब्युटर' लिहू शकतो, पण प्रकाशित करू शकत नाही. ऐकायला छान, पण त्याला फाइलही चढवता येत नाही. मग तो पीडीएफ ईमेलने पाठवतो आणि लॉगिन पडून राहतं. 'ऑथर' फाइल चढवतो, पण स्वतःचा मजकूर कोणाला न विचारता प्रकाशितही करतो. पानं, म्हणजे पोस्ट नव्हे, पेज, बदलायची तर थेट 'एडिटर' लागतो आणि एडिटर साइटवरचं कुठलंही पान बदलू शकतो. म्हणून यूजर रोल एडिटरसारखं प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) लावून स्वतःची भूमिका बनवा: मसुदा लिहिणं आणि फाइल चढवणं एवढंच, प्रकाशन नाही. प्रकाशनाचं बटण दोघांकडे, एक रजेवर गेला तर दुसरा. ड्रुपल या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मसुदा-प्रकाशित-संग्रहित अशा पायऱ्या मुळातच मिळतात, पण ड्रुपल सांभाळणारा माणूस हवा.

आता फाइली. नोटीस काढून टाकली तरी तिची पीडीएफ मीडिया लायब्ररीत जिवंत राहते आणि गूगल ती वर्षानुवर्षं दाखवत राहतं. फीच्या जुन्या पुस्तिका विद्यार्थ्यांच्या हाती लागतात त्या अशाच. दुसरं, त्याच नावाची सुधारित फाइल चढवली तर वर्डप्रेस जुनीवर लिहीत नाही, नावाला '-१' जोडून नवी बनवतं. जुना दुवा जुन्याच फाइलवर जातो. 'एनेबल मीडिया रिप्लेस' प्लगइनने पत्ता न बदलता फाइल बदलता येते. चालू माहितीपुस्तिकेच्या पत्त्यात साल नकोच. सालं फक्त संग्रहात.

फाइलचं नाव देवनागरीत ठेवू नका. पत्त्यात जाताना देवनागरीचं प्रत्येक अक्षर-चिन्ह तीन बाइटचं होतं आणि प्रत्येक बाइटला टक्क्याच्या चिन्हासकट तीन अक्षरं लागतात, म्हणजे एका चिन्हाची नऊ. वीस चिन्हांचं नाव व्हॉट्सॲपवर १८० अक्षरांची माळ होऊन पडतं, मधेच तुटतं. नाव रोमनमध्ये, छोटं, हायफनने जोडलेलं. 'फायनल', 'न्यू', 'करेक्टेड' हे शब्द नावात बंद.

खाडीकिनारा

सानपाडाकर, पत्ता न बदलता फाइल बदलायची तर शुद्धिपत्रकाचं काय? पूर्वीची तारीख काय होती याची नोंद राहायला हवी.

सानपाडाकर

पानावर, मजकुराच्या वर एक ओळ: 'बदल, १२ जुलै: कागदपत्र पडताळणीची तारीख १५ ऐवजी १८ जुलै.' खालचा मजकूरही त्याच वेळी सुधारायचा. मूळ परिपत्रक आणि शुद्धिपत्रक दोन्ही तळाला. होतं काय, की मूळ नोटीस तशीच राहते आणि शुद्धिपत्रक १, शुद्धिपत्रक २ यादीत वेगवेगळ्या जागी पडतात. मुलाला तिन्ही शोधून बेरीज करावी लागते. आणि ग्रुपवर फाइल नको, पानाचा दुवा टाका. चढवलेली पीडीएफ सुधारता येते, फॉरवर्ड झालेली नाही.

उपवन

एवढं चाललंय आणि दृष्टिहीन विद्यार्थ्यांचा विषय अजून कोणी काढला नाही, म्हणून मी काढते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ४२ मध्ये इलेक्ट्रॉनिक मजकूर सुगम्य (दिव्यांगांनाही वापरता येण्याजोगा) असण्याची तरतूद आहे. सरकारी साइटींसाठीच्या मार्गदर्शक सूचनांची ३.० आवृत्ती २०२३ ची, तिचा आधार डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय सुगम्यता निकषांच्या २.१ आवृत्तीची एए पातळी. खासगी विद्यापीठानेही तीच पट्टी धरावी.

मजकूर लिहिणाऱ्याच्या हातातलं तेवढंच सांगते. पानाची भाषा 'एमआर' (मराठीचा कोड) अशी नोंदवलेली हवी. ती इंग्रजी किंवा 'एचआय' (हिंदी) राहिली तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) भलत्याच आवाजात वाचायला लागतो. शीर्षकं ठळक करून भागत नाही, हेडिंग २, हेडिंग ३ अशी शैली लावा. ऐकणारा माणूस हेडिंगवरून उड्या मारत जातो. 'येथे क्लिक करा' तर कायमचं बंद करा. एनव्हीडीए या स्क्रीन रीडरमध्ये इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या दुव्यांची यादी येते. त्यात चौदा वेळा 'येथे क्लिक करा' ऐकून बघा एकदा.

साध्या अक्षरांना पार्श्वभूमीशी ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ एवढी कॉन्ट्रास्ट लागते. पांढऱ्यावर केशरी अक्षरं यात हमखास नापास. आपोआप सुरू होणारी आणि पाच सेकंदांपेक्षा जास्त सरकणारी पट्टी असेल तर ती थांबवायची सोय हवी. माझं मत विचाराल तर पट्टीच नको. तिच्यातली तिसरी सूचना वाचायला थांबणारं कोणी नसतं, पण प्रत्येक विभागाला आपलं नाव तिथे हवं असतं.

वर्डमधून पीडीएफ करताना 'सेव्ह ॲज'मधून करा. 'प्रिंट'मध्ये जाऊन 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' निवडलं की हेडिंगचे टॅग गळून पडतात. स्कॅनच करायचं असेल तर ३०० डीपीआय, करडं, सरळ धरलेलं पान. त्यावर टेसरॅक्ट सॉफ्टवेअरने ओसीआर (चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणं) होतो, मराठीची सोय आहे. तिरप्या, सावली पडलेल्या मोबाइल फोटोवर होत नाही.

रॅगिंगविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ बऱ्याच साइटींवर पोस्टरच्या चित्रात असते. चित्रातला नंबर ऐकू येत नाही आणि दाबून लागतही नाही. तो अक्षरांत लिहा.

ऐरोली_लोकल

मराठी-इंग्रजीचं काय करता? सगळी साइट दोन्ही भाषांत ठेवायची म्हटलं तर मनुष्यबळ नाही. भाषांतराचं बटण लावलं की झालं असं वरचे म्हणतात.

खाडीकिनारा

फी, नियम, आरक्षण, परतावा या पानांवर ते बटण नको. एखादा नकार उडाला तर अर्थ उलटा होतो आणि जबाबदार कोण ते ठरत नाही. सगळी साइट मराठीत आणायच्या मागे लागू नका. प्रवेशाची कागदपत्रं, फी आणि हप्ते, परीक्षा अर्ज, महाडीबीटी शिष्यवृत्ती, वसतिगृह, तक्रार. एवढी पानं माणसाने मराठीत लिहावीत आणि इंग्रजीबरोबर त्याच दिवशी सुधारावीत. मराठी पान मागे पडणार असेल तर त्यावर तारखा आणि रकमा ठेवूच नका, त्या एकाच तक्त्यातून दोन्ही पानांवर येतील असं करा. आणि 'मराठी' दाबल्यावर त्याच पानाची मराठी आवृत्ती उघडावी. मुखपृष्ठावर फेकलं जाणं हा नेहमीचा वैताग आहे.

फीचा तक्ताही इथेच. नऊ रकान्यांचा एक्सेलचा फोटो मोबाइलवर कोणी वाचू शकत नाही. प्रवर्गानुसार वेगळे तक्ते करा, प्रत्येकात दोनच रकाने: बाब आणि रक्कम. शेवटी 'प्रवेशाच्या दिवशी भरायचे' ही बेरीज. अनामत रक्कम वेगळी दाखवा, ती परत मिळते हे पालकांना कळू दे. बाकी कुठल्याही पानावर फीचा आकडा लिहायचा नाही, या पानाचा दुवा द्यायचा.

घणसोली_गाव

नॅकचं (महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेचं) काम बघणाऱ्यांची बाजूही मांडतो, नाहीतर हा धागा वाचून कोणीतरी उत्साहात साइट साफ करेल. नॅकला द्यायच्या स्वयं-अध्ययन अहवालात पुरावा म्हणून शेकडो दुवे दिलेले असतात. मूल्यांकन चालू असताना साइट नवी केली आणि पत्ते बदलले तर पुरावे गायब. त्यासाठी वेगळी फोल्डर-रचना ठेवा, वर्षवार, आणि तिला हात लावायचा नाही. इतर पानं हलवलीत तर जुना पत्ता-नवा पत्ता अशी यादी करून ३०१ (पत्ता कायमचा वळवायचा कोड) लावा. ३०२ म्हणजे तात्पुरतं, ते इथे नको. सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठावर वळवणं हा तर शुद्ध आळस.

वैधानिक पानं वेगळी: माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(१)(ख) खालच्या १७ बाबी (सार्वजनिक प्राधिकरण असाल तर), अंतर्गत तक्रार समिती, लोकपाल (विद्यार्थ्यांच्या तक्रारींसाठीचा). यांना मुख्य मेनूत गर्दी करू देऊ नका, तळपट्टीत 'वैधानिक माहिती' म्हणून एक पान पुरतं. पण लोकपालाचा दुवा तक्रारीच्या पानावरही हवा, तिथेच त्याची गरज पडते. आणि यूजीसीच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार माहितीपुस्तिका प्रवेश सुरू होण्याच्या किमान ६० दिवस आधी साइटवर यायला हवी. मजकुराचं वेळापत्रक या तारखेपासून उलटं मोजत आखा. छापखान्याकडून फाइल येण्याची वाट पाहत बसलात तर ६० दिवस हुकलेच.

माजिवडा_नाका

एक प्रश्न राहिला. गुणवत्ता यादी एक्सेलमध्ये चढवली जाते, त्यात मोबाइल नंबरचा रकाना लपवलेला असतो. चालतं का?

सानपाडाकर

अजिबात नाही. लपवलेला रकाना एका क्लिकवर उघडतो. पीडीएफमध्ये काळी पट्टी ओढून झाकलेला आधार क्रमांकही पट्टीखालून कॉपी होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ साली आलाय, निदान आता तरी हे थांबावं. यादीसाठी नवी शीट घ्या, अर्ज क्रमांक, गुण आणि प्रवर्ग एवढेच रकाने 'पेस्ट व्हॅल्यूज'ने आणा, मग त्या शीटची पीडीएफ करा. नाव हवंच असेल तर लॉगिनच्या आत.

आधीच चढली असेल तर प्रथम फाइल सर्व्हरवरून उडवा, फक्त पोस्ट नव्हे. मग गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये 'रिमूव्हल्स'ला पत्ता द्या. त्याने तो पत्ता गूगलच्या निकालातून साधारण सहा महिनेच लपतो, म्हणून फाइल खरोखर गेलेली असणं महत्त्वाचं. रोबोट्स फाइलीत (शोधयंत्रांना सूचना देणारी साइटवरची फाइल) मनाई लिहून भागत नाही, उलट ती फाइल कुणालाही वाचता येते, त्यामुळे लपवायचा पत्ता जाहीर होतो. जी फाइल ठेवायचीच आहे पण शोधात यायला नको, तिला सर्व्हरकडून फाइलीसोबत जाणाऱ्या एक्स-रोबोट्स-टॅग हेडरने 'नोइंडेक्स' (शोधात दाखवू नका) लावा. पीडीएफमध्ये मेटा टॅग घालता येत नाही, म्हणून हेडर.

माजिवडा_नाका

धन्यवाद. मीडिया लायब्ररीत 'मेरिट' शोधलं, २०१९ पासूनच्या याद्या निघाल्यात. आधी त्या उडवते.